सार्कची माणसं आधी बोटीचं विचारतात

आमच्या वॉर्डात सार्क बेटावरचा पेशंट आला की फाईल न उघडताही मला कळतं. बाकीचे विचारतात, डॉक्टर राउंडला कधी येणार, घरी कधी सोडणार. सार्कचं माणूस आधी विचारतं, "उद्या वारा कुठला आहे?" आणि मग, "दुपारची बोट सुटणार ना?" दुखतंय का, झोप लागली का, हे सगळं त्यानंतर.

मी सहा वर्षं गर्न्सीत नर्स आहे. गर्न्सी म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या समुद्रातलं, पण फ्रान्सच्या किनाऱ्याला जास्त जवळ असलेलं बेट. जर्सी गाय आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. ती ज्या बेटावरची, ते जर्सी आमचं शेजारी. आणि आमच्या पूर्वेला सार्क. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर जागा, पाचशेच्या आसपास वस्ती, आणि मोटारगाडीला बंदी. ट्रॅक्टर, सायकल, घोडागाडी आणि आपले दोन पाय, एवढीच वाहनं. विमानतळ नाही. रस्ते मातीचे, आणि रस्त्यावर दिव्याचा एक खांब नाही.

हवा स्वच्छ असली की आमच्या बंदरावरून सार्क दिसतं. आधी हर्म नावाचं छोटं बेट, आणि त्याच्या मागे चपट्या माथ्याचं, चारी बाजूंनी कडे तुटलेलं सार्क. सहा वर्षं ते मी कामावर जाता-येता बघत होते. गेले मात्र नव्हते. सुट्टीच्या दिवशी झोपावंसं वाटतं, दुसरं काय.

मग गेल्या हिवाळ्यात त्या आजी आल्या.

नाव, वय, आजार यातलं काही मी लिहिणार नाही. माझी नाइट होती, पहाटेचे चार वाजून गेले होते. तीन ब्लँकेटांत गुंडाळलेल्या, कपाळावरचे केस खाऱ्या पाण्यानं चिकटलेले, आणि उजव्या मुठीत एक टॉर्च. तो त्या सोडेनात. सुई लावायची होती म्हणून मी म्हटलं, आजी, हा मी इथे उशाशी ठेवते, कुठे जाणार नाही. तेव्हा त्यांनी दिला, आणि रडायला लागल्या. दुखतंय म्हणून नाही. "माझ्यामुळे इतक्या जणांची झोपमोड झाली," म्हणाल्या, आणि त्या सगळ्यांची नावं सांगायला लागल्या. ट्रॅक्टर चालवणारा, सोबत बसलेली बाई, बोटीवर उचलून घेणारे. घराच्या दारापासून माझ्या वॉर्डापर्यंत त्यांना आणणारं एकूण एक माणूस त्यांना नावानं माहीत होतं.

सार्कवर दवाखाना आहे, डॉक्टर आहेत. पण हॉस्पिटल लागलं तर गर्न्सी गाठावं लागतं. बेटावरची ॲम्ब्युलन्स म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेली गाडी, आणि ती चालवतात तिथलेच स्वयंसेवक. धक्क्यापर्यंत ट्रॅक्टर, तिथून पुढे गर्न्सीहून आलेली फ्लाइंग ख्रिस्तीन नावाची ॲम्ब्युलन्स-बोट. समुद्र फार खवळलेला असेल तर लाइफबोट. आमच्याकडे हँडओव्हरच्या कागदावर हे सगळं एका ओळीत येतं: सार्कहून, बोटीनं. त्या एका ओळीत काय काय आहे ते मला आजींच्या मुठीतल्या टॉर्चनं पहिल्यांदा दाखवलं. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. मी मात्र मनाशी ठरवलं, की ही वाट एकदा स्वतः चालून बघायची.

आई एप्रिलमध्ये माझ्याकडे आली. गेल्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली आहे. मे महिन्यातल्या एका बुधवारी मला सुट्टी होती, वारा ईशान्येचा आणि हलका होता, ऊन होतं. सकाळच्या बोटीची दोन तिकिटं काढली. सार्क आमच्याच बेलिफशाहीत, म्हणजे गर्न्सीच्याच प्रशासकीय हद्दीत येतं, पासपोर्ट कोणी विचारत नाही, हे दोनदा सांगूनही आईनं पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलाच. "समुद्र ओलांडायचाय ना? मग असू दे."

बोटीला तासाभराच्या आत पोहोचायला होतं. अर्ध्या बोटीत माझ्यासारखे एक दिवसाचे पाहुणे आणि अर्ध्या बोटीत बेटावरची माणसं, हा फरक बसायच्या पद्धतीवरून कळतो. पाहुणे वर डेकवर, मोबाईल काढून. बेटावरचे आत, पायाशी सामान. एकीच्या पायाशी पावाचा क्रेट होता, एकाजवळ आमच्याच हॉस्पिटलच्या फार्मसीची कागदी पिशवी. ती पिशवी मी लगेच ओळखली. त्यानं ती मांडीवर, दोन्ही हातांत धरली होती. असल्या पिशव्या मी रोज चार जणांच्या हातात देते. ती पुढे समुद्र ओलांडते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बंदर बेटाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे बोट वळसा घालून तिथे लागते. मॅसेलिन हार्बर त्याचं नाव. युद्धाआधी बांधायला घेतलेलं हे बंदर १९४९ मध्ये सुरू झालं. इथल्या समुद्राची भरती-ओहोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून पटत नाही: उधाणाच्या दिवसांत पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तीन मजले म्हणा ना. म्हणून धक्क्याला वेगवेगळ्या उंचीवर पायऱ्या आणि कट्टे आहेत, आणि बोट पाणी असेल त्या पातळीला लागते. पौर्णिमा नुकतीच झाली होती, उधाण होतं. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा भरती ओसरायला नुकती सुरुवात झाली होती. खलाशानं आईचा कोपर धरला, आईनं उजवा पाय आधी टाकला (चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे फिजिओनं तिच्याकडून घोटून घेतलंय), आणि ती मोठ्यानं मोजत वर गेली. सात पायऱ्या.

धक्क्यावरून गावाकडे जायला सरळ कड्याच्या पोटातून बोगदा आहे. आत गारवा, पाण्याची ठिबक, आणि सगळ्यांच्या पावलांचा आवाज. पलीकडे बाहेर पडलो तर समोर ट्रॅक्टर उभा, मागे लाकडी बाकांची उघडी गाडी. पाहुण्यांना टेकडी चढवून न्यायला. आई थांबली आणि तिचा चेहरा असा काही उजळला! "अगं, ही तर ट्रॉली! मी माहेरच्या वऱ्हाडाबरोबर अशीच गेले होते." आणि गुडघा विसरून ती सगळ्यांच्या आधी चढून बसली.

मी चढले नाही. मला ती टेकडी पायी बघायची होती. रस्त्याच्या बाजूनं झाडीतून पायवाट आहे, तिनं गेले. चढ चांगलाच दमछाक करणारा आहे. डावीकडे झाडांखाली निळ्या घंटाफुलांचा शेवटचा बहर होता, आणि त्यात लसणीसारखा उग्र वास असलेली पांढरी रानफुलं. पण माझं अर्ध लक्ष रस्त्याकडे. उतारावर पाण्यानं पडलेल्या चऱ्या, मधूनच वर आलेला दगड. स्ट्रेचरवर पाठीवर झोपलेल्या माणसाला यातला प्रत्येक दगड कंबरेत लागत असणार. आजी म्हणाल्या होत्या, की ट्रॅक्टर इतका सावकाश चालवला की शेजारून माणूस चालत गेलं असतं. त्या वेळी मला वाटलं होतं, इतक्या सावकाश का? आता कळलं.

वर पोहोचले तेव्हा ट्रॅक्टर बंद झाला होता आणि आई रस्त्याच्या अगदी मधोमध उभी होती.

सवयीनं मी म्हणणार होते, आई, बाजूला हो. शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला. बाजूला व्हायचं कशाला? कोण येणार होतं? आणि त्याच वेळी मला आवाज ऐकू यायला लागले. कोंबडी. लांब कुठेतरी हातोडी. सायकलची चेन. आईच्या काठीचं रबर मातीवर टेकल्याचा आवाज. वॉर्डात बारा तास मॉनिटरची पिपपिप ऐकून मी घरी येते तेव्हा ती कानात राहते. उशीवर डोकं टेकलं तरी एखादा अलार्म वाजल्यासारखा वाटतो आणि मी दचकते. त्या रस्त्यावर कानांना पहिल्यांदाच काही काम नव्हतं. आवाज आपणहून येत होते आणि प्रत्येक आवाज कुठून आला ते सांगता येत होतं. घोडागाडी वळणाआड असतानाच टापा ऐकू आल्या, आणि रस्त्यातली माणसं मागे वळून न बघताच कडेला झाली. मान फिरवून बघायची सवयच तिथे कोणाला नाही.

एक मात्र सांगते. सार्क म्हणजे इंजिनाचा आवाजच नाही असं समजून कोणी जाऊ नये. ट्रॅक्टर आहेत, आणि बोट आल्यावर तासभर सामान, टपाल, सिमेंटच्या गोण्या, गॅसची सिलिंडरं असं सगळं त्यांच्यावरूनच जातं. पण ट्रॅक्टर येतो, जातो, आणि तो गेल्यावर पुन्हा शांत होतं. सततची घरघर नाही. माझ्या मते सगळा फरक त्या 'सतत'मध्ये आहे.

गावाचा मुख्य रस्ता छोटा, दोन्ही बाजूंना बैठी दुकानं, सायकली भाड्यानं देणारे. आमच्या गर्न्सीत टपालपेट्या निळ्या असतात. इथे एक सोनेरी आहे. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत सांघिक सुवर्णपदक मिळवणारा कार्ल हेस्टर याच बेटावर वाढला, त्याच्या मानासाठी ती रंगवली. आईला ते फार आवडलं. जिथे घोड्याशिवाय पान हलत नाही, तिथल्या मुलानं घोड्यावर बसूनच नाव काढावं, यात काहीतरी योग्य झालंय असं ती म्हणाली. जवळच बेटाचा तुरुंग आहे, १८५६ मध्ये बांधलेला, दोन कोठड्यांचा, पिंपासारख्या गोल छताचा. बाहेरून पाहिला आणि पुढे निघालो.

तिथून घोडागाडी केली. दोन बाक, गुडघ्यांवर पांघरायला जाड चादर, आणि पुढे धिप्पाड तपकिरी घोडी. गाडीवान बाई पंचविशीची. ती घोडीशी इंग्रजीत बोलत होती आणि आई मराठीत. "चल गं बाई, सावकाश." घोडीनं कान मागे केले ते दोघींच्याही बोलण्याला.

सीन्योरीची बाग दाखवून गाडी पुढे जाणार होती. सीन्योर म्हणजे या बेटाचा वतनदार म्हणा. १५६५ मध्ये राणी एलिझाबेथ पहिली हिनं एलिये द कार्तरे याला हे ओसाड बेट दिलं, अट अशी की बंदुका चालवू शकणारी चाळीस माणसं वसवायची आणि चाच्यांपासून बेट राखायचं. ती वतनदारी इतकी टिकली की सगळ्या प्रतिनिधींची खुली निवडणूक इथे थेट २००८ मध्ये झाली. कबुतरं पाळायचा हक्क एकट्या सीन्योरचा असायचा. त्याचा गोल कबुतरखाना अजून उभा आहे. बाग सुंदर आहे, उंच भिंतींच्या आत वारा लागत नाही म्हणून गुलाब आणि वेली नुसत्या माजल्यात. पण आई तिथे रमली ती सिबिल हॅथवे यांच्या गोष्टीत.

सिबिल हॅथवे त्या वेळच्या वतनदार, म्हणजे 'डेम'. १९४० मध्ये जर्मन फौज बेटावर उतरली तेव्हा त्या पळून गेल्या नाहीत, आणि लोकांनाही थांबायला सांगितलं. पुढे त्यांच्या नवऱ्याला जर्मनीतल्या छावणीत नेऊन ठेवलं. पाच वर्षांनी, १० मे १९४५ ला ब्रिटिश सैनिक आले, पण ते इतके थोडे होते की बेटावर ठेवायला माणसं नव्हती. तेव्हा शरण आलेले २७५ जर्मन सैनिक त्यांनी या बाईंच्या ताब्यात दिले आणि ते निघून गेले. काही दिवस एकट्या त्यांनी सगळ्यांना हुकूम देऊन कामाला लावलं. आईनं विचारलं, तेव्हा त्यांचं वय काय असेल? साठीच्या, मी म्हटलं. आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि ताठ चालायला लागली.

आणि मग ला कूपे.

सार्क एक बेट आहे असं म्हणतात, पण खरं ती दोन आहेत. मोठं सार्क आणि दक्षिणेला लिटल सार्क. दोघांना जोडणारी चिंचोळी धार म्हणजे ला कूपे. सुमारे नव्वद मीटर लांब, वरून तीन मीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंना ऐंशी मीटर खोल समुद्र. घोडागाडी अलीकडेच थांबते, सगळ्यांना उतरावं लागतं. सायकलवाल्यांनाही उतरून, सायकल हातानं ढकलत न्यावी लागते.

आजी लिटल सार्कच्या होत्या.

आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. उजवीकडे खाली ग्रांद ग्रेव्हची पुळण ओहोटीनं हळूहळू उघडी पडत होती, ओली, पिवळसर, एकाही पावलाची खूण नसलेली. डावीकडे थेट खडक आणि फेस. पूर्वेला फ्रान्सचा किनारा पुसट रेघेसारखा, दक्षिणेला जर्सी. हवा हलकी म्हणून निघालो होतो, पण त्या धारेवर हवा हलकी नसते. दोन्ही बाजूंनी कड्यावरून वर येते आणि मधोमध भेटते. आईचा स्कार्फ सरळ वर उभा राहिला.

कठडा पहिल्यांदा बसवला तो १९०० मध्ये. त्याआधी वादळी वाऱ्यात लिटल सार्कची मुलं शाळेला जाताना इथून हातापायांवर रांगत जायची म्हणे, उडून जाऊ नये म्हणून. आईला हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "आणि आया कुठे उभ्या राहत असतील गं?" मला उत्तर आलं नाही. आम्ही उभ्या होतो तिथेच, बहुतेक.

आत्ताचा काँक्रीटचा रस्ता युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये जर्मन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. तशी पाटी तिथे आहे.

आईला उंचीची भीती आहे. गच्चीच्या कठड्याजवळही ती जात नाही. मी म्हटलं, आपण इथूनच परत फिरू, मला बघायचं होतं ते मी बघितलं. ती म्हणाली, "तुझ्या त्या आजी रात्री आल्या ना इथून? मग मी दिवसा का नाही जाणार?" डावा हात कठड्यावर, उजव्या हातानं माझं मनगट. माझं मनगट तिनं असं धरलं की तिची नखं रुतली. नजर समोरच्या टेकडीवर, खाली एकदाही नाही. निम्म्यावर पोहोचलो तेव्हा वाऱ्याचा एक झोत आला आणि ती थांबली. मी पण थांबले. पेशंटला चालवताना आम्ही जशा थांबतो तशी, ओढायचं नाही, बोलायचं नाही, तिचा श्वास खाली येईपर्यंत नुसतं शेजारी असायचं. तिचा अंगठा माझ्या नाडीवरच होता. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुझी माझ्यापेक्षा जोरात पळतेय. खाली बघू नकोस."

खरंच, मी खाली बघत होते. खाली नाही, रस्त्याकडे. ट्रॅक्टरचं मागचं चाक केवढं असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना इथे किती जागा उरत असेल, ते मी मोजत होते. दिवा नाही, रात्रीचे दोन, हिवाळ्याचा वारा, आणि मागच्या गाडीत एक म्हातारं माणूस ज्याला यातलं काहीच दिसत नाहीये, फक्त चाकाखालची माती जाऊन काँक्रीट लागल्याचं अंगाला कळतंय. आवाज बदलला की कळायचं कूपे आलं, असं आजी म्हणाल्या होत्या. दिवसभरात मला जेवढं समजलं त्यात हे सगळ्यात नीट समजलं.

लिटल सार्कवर आम्ही फार फिरलो नाही. तिथे चांदीच्या खाणींचे पडके अवशेष आहेत. १८३० च्या दशकात खाण सुरू झाली, तिच्या पायी तेव्हाचे वतनदार कर्जात बुडाले, आणि १८५२ मध्ये त्या घराण्याला बेटच विकावं लागलं. अवशेषांपर्यंत जायला गुडघ्याला झेपणारी वाट नव्हती. एका बांधावर, गोर्सच्या पिवळ्या झुडपांच्या आडोशाला बसलो, डबा खाल्ला. समोरच्या शेतात एक बाई कुंपण दुरुस्त करत होती. तिनं हात हलवला, आम्ही हलवला. आजींचं घर यातलंच कुठलंतरी असणार. मी शोधलं नाही, विचारलंही नाही. नर्सनं न सांगता दारात उभं राहणं बरं नव्हे. पण दिसेल त्या प्रत्येक दाराकडे बघून मी मनात म्हटलं, बऱ्या असा.

परतीच्या वाटेवर घोडागाडी घेतली नाही. आईच म्हणाली, चालू या. कूपे दुसऱ्यांदा ओलांडताना तिनं माझं मनगट धरलं नाही, फक्त कठडा धरला. मग मातीचा लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झुडपांचे बांध, त्यावर जांभळी उंच घंटाफुलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी चालत होतो. हे लिहिताना साधं वाटतं. पण गेली कित्येक वर्षं आई आणि मी रस्त्यावर एकामागून एक चाललोय: मी पुढे, ती मागे, मी दर दहा पावलांनी वळून बघायचं, ती "आले, आले" म्हणणार. सार्कच्या त्या रस्त्यावर आम्ही बरोबरीनं चाललो, आणि बरोबरीनं चाललो म्हणून बोललो. बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल ती पहिल्यांदा काही बोलली. मी त्यांच्या उशाशी नव्हते, मला रजा मिळाली नव्हती. रात्री कोणती नर्स होती, ती कशी होती, तिनं बाबांचे ओठ कसे कापसानं ओले केले, ते सगळं आईनं मला सांगितलं. घोडागाडी मागून आली, आम्ही टापा ऐकून कडेला झालो, ती गेली, आणि आई पुढचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच बोलायला लागली.

गावात ट्रॅक्टर-ॲम्ब्युलन्सची गाडी मला दिसली. दार अर्धवट उघडं होतं, आत कोणी नव्हतं. मी बाहेरूनच बघितलं. पांढरी, स्वच्छ, आणि एका कोपऱ्यात घडी केलेली ब्लँकेटं. तीन.

उतारावर आई ट्रॉलीतून आणि मी पुन्हा पायी. बोगद्यातून बाहेर आले तर धक्का ओळखू येईना. सकाळी पाणी होतं तिथे आता शेवाळलेली भिंत, आणि बोट खूप खाली, विहिरीत सोडल्यासारखी. आईनं खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. डावा पाय आधी, उजव्या हातात साखळी. खालच्या पायऱ्या ओल्या, त्यावर हिरवा बुळबुळीत थर. खलाशी आमच्यापुढे उलटा, तोंड वर करून एकेक पायरी उतरत होता, म्हणजे ती घसरलीच तर त्याच्यावरच घसरावी. आई पुन्हा मोठ्यानं मोजत होती. सव्वीस.

मी धक्क्यावरच थोडी थांबले होते. आजींना त्या रात्री इथेच स्ट्रेचरवर खाली ठेवलं होतं, बोट लागेपर्यंत. त्या म्हणाल्या होत्या, तेवढा वेळ आभाळ दिसलं आणि बरं वाटलं. २०११ मध्ये सार्कला जगातलं पहिलं 'डार्क स्काय' बेट म्हणून मान मिळाला. रस्त्यावर दिवे नाहीत आणि मोटारींचे हेडलाइटही नाहीत, त्यामुळे तिथे आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याला ती कशी दिसणार? मला निळं आभाळ आणि समुद्रपक्षी दिसले. मग खलाशानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी. सात नंबरच्या बेडवर सार्कचे एक काका होते, कंबरेचं ऑपरेशन झालेलं, शनिवारी घरी जाणार. मला बघताच त्यांनी विचारलं, "शनिवारी वारा कुठला म्हणतायत?"

"नैऋत्येचा," मी म्हटलं. "आणि बोट पोहोचेल तेव्हा ओहोटी असेल. मॅसेलिनला पंचवीसेक पायऱ्या चढाव्या लागतील, खालच्या ओल्या."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

फिजिओच्या कागदावर लिहिलं होतं: जिन्याचा सराव, चार पायऱ्या. गर्न्सीतल्या घरी जायला तेवढ्या पुरतात. मी फिजिओला फोन केला, काय बघून आले ते सांगितलं, आणि तासाभरानं आम्ही तिघं मागच्या जिन्यापाशी उभे होतो. काकांनी कठडा धरला, चांगला पाय वर टाकला, आणि मोजायला सुरुवात केली.